सूर्यास्तानंतरचा शुक्रवार

मोझेस आपटेकरांना आपल्या मोजणीचा गर्व होता, आणि खरं बोलायचं तर तो त्यांना शोभायचाही. चौतीस वर्षं त्यांनी गोदीत टॅली क्लार्क म्हणून काढली होती. बोटीतून पोती उतरायची, हमालांची आरडाओरड, क्रेनचा खडखडाट, आणि हा शिडशिडीत माणूस कानाला पेन्सिल लावून उन्हात उभा. कप्तानाचा आकडा चुकेल, कस्टमवाल्यांचा चुकेल, आपटेकरांचा नाही, असं त्यांचे साहेबच म्हणायचे. पनवेलच्या सिनेगॉगमध्ये पेसाहच्या सणापासून एकोणपन्नास दिवस रोज संध्याकाळी दिवस मोठ्याने मोजायचे असतात, तेही काम वीस वर्षं त्यांच्याचकडे. एक दिवस निसटला की त्या वर्षाची मोजणी वाया. मोझेसच्या हातून एकही निसटला नव्हता, आणि ऐकणाऱ्याला ऐकायचं असो वा नसो, ते हे सांगत.

तेव्हा पोटचा मुलगा तुरुंगात गेल्यावर हा माणूस काय करणार? दिवस मोजायला लागला.

मुलगा म्हणजे एलाद, वय एकतीस, रोडपालीच्या बाजूला एका खाजगी गोदामात सुपरवायझर. तिथून तांब्याच्या तारेची चार मोठी भेंडोळी खोट्या गेटपासवर बाहेर गेली, आणि चारही पासांवर सही एलादची. सही आपली नाही हे तो पहिल्या तासापासून सांगत होता. शिवाय त्याने पोलिसांना एक नावही दिलं, गोदामाला ट्रक पुरवणाऱ्या विठूचं. नाव दिलं ते बरोबरच केलं, पण ते किती जड जाणार हे त्याला आत गेल्यावर कळलं. पोलिसांनी दोघांनाही उचललं. विठूला आत ओळखीपाळखीचे लोक होते. एलादला कोण असणार? पनवेलमधली बेने इस्राएलांची घरं आता हाताच्या बोटांवर मोजावीत एवढी. बाकीचे केव्हाच तिकडे इस्राएलात, अश्दोदला, दिमोनाला गेले. एलादही जाणार होता, कागदपत्रं तयार होती. मोझेसनीच त्याला थांबवला, "आम्हा म्हाताऱ्यांना कोण बघणार?" म्हणून. हे वाक्य त्यांना आता जेवताना आठवायचं आणि ते ताट बाजूला सारायचे.

वकील मिळाल्या त्या कोमल भोईर. पस्तिशीच्या, चष्मेवाल्या, कोर्टाच्या मागच्या गल्लीत एका खोलीचं ऑफिस. पहिल्याच भेटीत त्यांनी मोझेसना समोर बसवून कायदा समजावला होता.

"काका, हा जो गुन्हा लावलाय त्याच्या तपासाला पोलिसांना, कोर्टात पहिल्यांदा उभं केलं त्या दिवसापासून, साठ दिवस आहेत. साठ दिवसांत चार्जशीट आली नाही तर एकसष्टाव्या दिवशी जामीन मिळणं हा एलादचा हक्क. गुन्हा केला की नाही, पुरावा काय, ते कोणी विचारायचं नाही. फक्त एक आहे. हक्क आपण मागावा लागतो, आणि चार्जशीट येण्याच्या आधी मागावा लागतो. आपण मागायच्या आत ती टेबलावर पडली, तर हक्क गेला."

"मग?"

"मग साधा जामीन. त्याला महिने जातील. खटला उभा राहायला वर्षं."

मोझेसना एवढं पुरे होतं. साठ म्हणजे साठ. हे आपल्या हातातलं काम आहे असं त्यांना वाटलं, आणि त्या दिवसांत हातात दुसरं काहीच नव्हतं.

त्यांची एक जाड पुठ्ठ्याची डायरी होती. एलादला पहिल्यांदा मॅजिस्ट्रेटसमोर उभं केलं ती नोव्हेंबरमधली संध्याकाळ ते जन्मात विसरणार नव्हते. पोलीस त्याला घेऊन आले तेव्हाच साडेसात वाजले होते. सूर्य मावळून तास उलटला होता, म्हणजे शब्बाथ, ज्यूंचा विश्रांतीचा पवित्र दिवस, लागला होता. उभ्या आयुष्यात पहिल्यांदा मोझेस त्या वेळी घराबाहेर होते. ओळखीचा वकील कोणी नव्हता, सरकारनेच एक तरुण वकील दिला, तो दोन वाक्यं बोलला, आणि एलादला पोलीस कोठडी मिळाली. शब्बाथला लिहायचं नाही, पेनाला हात लावायचा नाही. म्हणून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आकाशात तीन चांदण्या दिसेपर्यंत मोझेस डायरी मांडीवर घेऊन नुसते बसून राहिले, आणि मग पहिली ओळ लिहिली: 'शब्बाथ. एलादला कोठडी. दिवस पहिला.'

हीच डायरी त्यांनी कोमल भोईरांच्या कारकुनापुढे ठेवली. कारकून तुळशीराम, बेलपाड्याचा, केस पांढरे झालेले, तोंडात सतत सुपारी. त्याने ती ओळ दोनदा वाचली.

"शब्बाथ म्हंजे शनवार ना, काका?"

"शनिवारच."

तुळशीरामने फाइलवर मोठ्या अक्षरांत आठ नोव्हेंबर घातली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर साठ दिवस मोजून सात जानेवारीला, बुधवारी, लाल गोल काढला. कोर्टातून पहिल्या दिवशीच्या हुकमाची नक्कल मागवली होती. ती आली, तेव्हा ऑफिसात दुसऱ्या केसची धावपळ होती, आणि ती न वाचताच फाइलला टाचली गेली. आपटेकरांनी मोजलंय म्हटल्यावर पुन्हा कोण मोजतंय?

दिवस पुढे सरकले. रोज संध्याकाळी मोझेस एक आकडा लिहीत. मझल, त्यांची बायको, शेजारी बसून तो मोठ्याने वाचायला लावी. तिने नवस बोलला होता, पोरगा सुखरूप घरी आला की एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करीन. पोहे, नारळ, पाच फळं, सगळं तिने मनात मांडून ठेवलं होतं. चाळिशी ओलांडली, पन्नाशी ओलांडली, चार्जशीट काही आली नाही. मोझेसना धीर येऊ लागला, आणि धीर आला की हा माणूस बोलायला लागतो, हा त्यांचा जुनाच दोष. एकदा कोर्टाच्या व्हरांड्यात या केसचा हवालदार भेटला, कुमार नावाचा, जरा गोड बोलणारा. त्याने सहज विचारलं, "काय आपटेकर, कसं काय?" तर हे सांगून मोकळे झाले.

"सात तारखेला एकसष्टावा, हवालदार. मी मोजतोय. माझ्या मोजण्यात फरक पडत नाही."

"सात तारखेला का? बरं बरं," असं म्हणून कुमार हसला. त्या हसण्याचा अर्थ मोझेसना पुढे कळणार होता.

पाच जानेवारीला, सोमवारी, भेटीची पाळी होती. काचेपलीकडे एलाद आला. गाल आत गेलेले, दाढी वाढलेली, ते तर होतंच. डाव्या हाताची दोन बोटं एकत्र बांधलेली होती.

"हे काय झालं?"

"दारात सापडली." एलाद फोन कानाला लावून भलतीकडेच बघत होता. मग आवाज अगदी खाली आणून म्हणाला, "विठूची माणसं माझ्याच बराकीत आहेत, पप्पा. म्हणतात, बाहेर जायच्या आधी जबाब फिरव. त्याचं नाव मी चुकून घेतलं असं लिहून दे. नाही दिलंस तर दार काय, रोजच उघडतं नि रोजच बंद होतं."

मोझेस काचेजवळ सरकले. "तू साहेबांना सांग तिथल्या."

"सांगितलं तर रात्री त्याच बराकीत झोपायचंय ना?" तो थोडं हसल्यासारखं करून म्हणाला, "पण झालं आता. आज साठ झाले. उद्या अर्ज टाकतील ना मॅडम?"

"एकोणसाठ," मोझेस म्हणाले. "बुधवारी टाकायचा."

एलादचा चेहरा पडला. "मी साठ मोजले."

"तुझं लहानपणापासून मोजणं कच्चं. एकोणसाठ."

मुलाने वाद घातला नाही. नुसतं म्हणाला, "म्हणजे अजून एक." तो ज्या आवाजात म्हणाला, तो आवाज घेऊनच मोझेस घरी आले आणि रात्रभर कूस बदलत राहिले.

मंगळवारी दुपारी जेवणं झाल्यावर मझल भांडी आवरत होती. मोझेस खुर्चीत बसून होते, आणि मनातली भीती झाकायला म्हणून कुरकुरत होते. पोराला साधे दिवस मोजता येत नाहीत, साठ म्हणतो, गोदीत असता तर पहिल्याच दिवशी घरी पाठवला असता.

"त्याने शुक्रवारपासून मोजले असतील," मझल म्हणाली.

"शुक्रवार कसा? साडेसात वाजून गेले होते. शब्बाथ लागला होता."

"आपल्याला लागला होता." मझलने ताट पुसून मांडणीत ठेवलं. "मी इथे एकटीने दिवे लावले, तुम्ही कोर्टात होतात. पण त्या जजबाईला कुठे शब्बाथ लागला होता? तिचा शुक्रवारच की."

मोझेस खुर्चीत सरळ झाले. त्यांनी डायरी उघडली. पहिल्या ओळीकडे बघितलं. मग बोटांवर मोजायला लागले, सात नोव्हेंबरपासून, अगदी कालच्या पोरासारखे, ओठ हलवत. काल साठ. आज एकसष्ट. पुन्हा मोजलं, तेच आलं. चौतीस वर्षं जहाजं मोजलेला माणूस, आणि मुलाच्या आयुष्याचा एक दिवस त्याने सूर्यास्तापाशी टाकून दिला होता. आणि वर पोलिसाला तारीख सांगून आला होता.

"अहो, काय झालं?"

"आज आहे," एवढंच ते म्हणाले आणि चपला शोधायला लागले. चपला पायाशीच होत्या.

घड्याळात दोन पन्नास झाले होते. कोमलताईंचा फोन बंद, म्हणजे त्या कोर्टात उभ्या. तुळशीरामने मात्र उचलला.

"तुळशीराम, अर्ज तयार आहे का?"

"हाय ना काका, कवाचा. उद्या साडेधाला नंबर लावतो."

"उद्या नाही. आज. एलादला शुक्रवारी उभं केलं होतं, सात तारखेला. मी चुकीचं सांगितलं तुम्हाला. त्या नकलेवर बघा, पहिल्या हुकमाच्या."

पलीकडे कागद उलटल्याचा आवाज आला. सुपारी थुंकल्याचाही आवाज आला.

"सातच हाय," तो म्हणाला. "काका, तुमी सरल कोर्टात या. मी अर्ज घेऊन पोचतो. नि कोनाशी काय बोलू नका."

रिक्षा उरण नाक्याशी अडकली. पुढे टेम्पो आडवा, मागे बस. मोझेसना वाटलं उतरून पळावं, पण गुडघे त्यांना पळू देणार नव्हते हे त्यांनाही ठाऊक होतं. ते शेमा म्हणायला लागले, मध्येच शब्द विसरले, पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागले. पाच वर्षांचे असल्यापासून पाठ असलेली प्रार्थना, आणि ती मध्येच तुटत होती. भीती माणसाला किती लहान करते ते त्या वीस मिनिटांत त्यांना समजलं.

कोर्टाच्या पहिल्या मजल्यावर ते धापा टाकत पोचले आणि जागच्या जागी थांबले. व्हरांड्यातल्या बाकावर हवालदार कुमार बसला होता. हातात चहाचा कागदी कप आणि मांडीवर लाल कपड्यात बांधलेला हा एवढा गठ्ठा. चार्जशीट कशी दिसते हे मोझेसना कोणी सांगायची गरज नव्हती.

"काय आपटेकर, आज इकडे?" कुमारने गोडच विचारलं. "तुमचं तर उद्या ना?"

मोझेस पोलिसाशी कधी खोटं बोलले असतील असं त्यांना ओळखणारा कोणी म्हणणार नाही. त्या दिवशी ते बोलले, आणि बरं बोलले.

"उद्याच. म्हटलं हॉल कुठला ते आज बघून ठेवावं. उद्या घाई नको."

"अरे, आरामात. आमचे साहेब खाली फोनवर आहेत, त्यांची एक सही राहिलीय. आमचं काम आजच उरकतो आम्ही." असं म्हणून त्याने चहाचा घोट घेतला. काल साठावा होता हे त्याला चांगलं माहीत होतं. काल साहेब बंदोबस्तात अडकले, आज उशीर झाला, तरी तो निवांत होता, कारण समोरच्या माणसानेच त्याला निवांत केलं होतं.

मोझेस हळूहळू चालत हॉलमध्ये शिरले. पाठीवर कुमारची नजर असेल की नसेल, वळून बघायची छाती झाली नाही.

आत कोमल भोईर एका अपघाताच्या केसमध्ये साक्षीदाराला प्रश्न विचारत होत्या. मोझेस शेवटच्या बाकावर बसले. तुळशीराम अजून आला नव्हता. साक्षीदार म्हणत होता, ट्रक डावीकडून आला. कोमलताई विचारत होत्या, डावीकडून म्हणजे कुठून. भिंतीवरच्या घड्याळात तीन पंचवीस झाले. बाहेर व्हरांड्यात बूट वाजले की मोझेस दाराकडे बघायचे, आणि कोर्टाच्या व्हरांड्यात बूट सारखेच वाजत असतात.

तुळशीराम आला तो मागच्या दाराने. घाम पुसत त्याने अर्ज कोमलताईंच्या फाइलवर सरकवला, वर एक चिठ्ठी. त्यांनी चिठ्ठी वाचली, मागे वळून मोझेसकडे एकदा बघितलं, आणि टेबलाखाली त्यांची बोटं हलली. मोजत होत्या.

"मॅडम, या साक्षीत दोन मिनिटं थांबण्याची परवानगी मागते," त्या मॅजिस्ट्रेटबाईंना म्हणाल्या. "एका आरोपीच्या डिफॉल्ट जामिनाचा अर्ज आहे. आज एकसष्टावा दिवस आहे. अर्ज आत्ता, या क्षणी दाखल करून घ्यावा, आणि वेळ लिहावी ही विनंती."

अर्जावर उद्याची तारीख टाइप केलेली होती. ती त्यांनी सगळ्यांसमोर पेनाने खोडली, आजची घातली, बाजूला सही केली. मॅजिस्ट्रेटबाईंनी चष्मा वर केला, अर्ज वाचला, घड्याळाकडे बघितलं आणि स्वतःच्या हाताने वेळ लिहिली. तीन वाजून छत्तीस मिनिटं.

चार वाजून दहा मिनिटांनी लाल गठ्ठा आत आला. शिरस्तेदारांनी कुमारच्या कानात काहीतरी सांगितलं, आणि कुमारचा गोडवा क्षणात उतरला. बाहेर पडताना तो मोझेसच्या बाकाशी थांबला.

"तुम्ही तर म्हणालात, मोजण्यात फरक पडत नाही."

"पडला होता," मोझेस म्हणाले.

संध्याकाळी ऑफिसात कोमलताई ती नक्कल पुढ्यात घेऊन बसल्या होत्या. मोझेस माफी मागायला लागले तर त्यांनी हात वर केला. "चूक माझी आहे, काका. नक्कल फाइलला होती. मी वाचायला हवी होती. तुम्ही तुमच्या पद्धतीने बरोबरच मोजलंत." पण त्यांनी एक गोष्ट लपवली नाही. अर्ज आणि चार्जशीट एकाच दिवशी आलेत, सरकारी वकील त्यावर भांडणार. शिवाय खोट्या सहीचं मोठं कलम लावून साठाचे नव्वद करायला बघतील. तीन-चार दिवस जातील.

ते दिवस कसे गेले ते मोझेसनाच माहीत. बुधवारी एलाद कोर्टातल्या पडद्यावर दिसला, जेलमधून. त्याने डावा हात टेबलाखाली ठेवला होता आणि तो एकदाही वर आणला नाही. अर्ज टाकल्याची बातमी बराकीत पोचली असणार, आणि विठूच्या माणसांना आता घाई झाली असणार. मझलने विचारलं, "कसा दिसला?" मोझेस म्हणाले, "बरा." गुरुवारी सरकारी वकील तास-दीड तास बोलले. नव्वदचं काढलंच त्यांनी. कोमलताई पंचवीस मिनिटं बोलल्या आणि शेवटी एवढंच म्हणाल्या की पोलिसांनी जे कलम लावलं त्याला साठ, आणि तीन छत्तीस हे चार दहाच्या आधी येतं.

शुक्रवारी पाच वाजता हुकूम झाला. जामीन मंजूर.

मोझेसना आधी नीट कळलंच नाही. तुळशीरामने दंडाला धरून हलवलं तेव्हा कळलं. मग कागदांची पळापळ सुरू झाली. जामीनदार म्हणून मोझेसच उभे राहणार होते, घरपट्टीची पावती, आधार, रेशनकार्ड, सगळं त्यांनी पिशवीत आणलं होतं. एक झेरॉक्स कमी पडली. तुळशीराम धावत जाऊन घेऊन आला. पुढच्या टेबलावरचा माणूस उठून गेला होता, त्याची वाट पाहिली. खिडकीबाहेरचं ऊन भिंतीवरून वर चढत गेलं, पिवळं झालं, आणि गेलं. मोझेस त्याच्याकडेच बघत होते. घरी मझलने दिवे लावले असतील. डोळ्यांवर हात ठेवून प्रार्थना म्हटली असेल.

साडेसहाला कारकुनाने कागद पुढे सरकवला. "इथे सही. इथे डावा अंगठा. तारीख घाला. साहेब निघायच्या तयारीत आहेत."

मोझेसनी पेन घेतलं नाही.

"मॅडम, ही सही सोमवारी केली तर चालेल?"

कोमलताईंना काही कळेना. "सोमवारी? काका, उद्या-परवा सुट्टी. म्हणजे सोमवारपर्यंत तो आतच. आत्ता झाली तर सकाळी हुकूम जेलवर पोचतो."

सत्तर वर्षांत त्यांनी शब्बाथला एक अक्षर लिहिलं नव्हतं. बाप वारला तेव्हा नाही, अविटलचं, त्यांच्या मुलीचं, विमानाचं तिकीट आलं तेव्हा नाही. एलादला पकडला त्या संध्याकाळीसुद्धा नाही, आणि त्या शब्बाथपायीच तर हे सगळं झालं होतं. एकीकडे हे, आणि दुसरीकडे टेबलाखालचा एक हात. त्यांना देवाची भीती वाटली, अगदी खरी. पण ती दुसरी भीती त्याहून मोठी होती. त्यांनी पेन उचललं आणि सही केली. तारखेच्या जागी नऊ जानेवारी घातली, आणि कोणी मागितलं नसताना पुढे लिहिलं, शुक्रवार. अंगठा शाईत बुडवून कागदावर दाबला.

"झालं," कारकून म्हणाला.

घरी पोचले तेव्हा दोन्ही दिवे जळत होते. मझल टेबलाशी बसली होती, मनुकांचं सरबत पेल्यात ओतून ठेवलेलं. मोझेसनी सांगितलं, उद्या सकाळी सोडतील. तिने तोंडावर पदर धरला. मग तिची नजर त्यांच्या अंगठ्यावर गेली. शाई नखाच्या कडेपर्यंत भरली होती. तिने तोच हात हातात घेतला आणि पेला त्यात दिला.

"उद्या सकाळी म्हणजे शब्बाथलाच की," ती म्हणाली. "तो तर लागलासुद्धा. म्हणजे तो आजच आला म्हणायचा."

तिच्या हिशेबाने ते बरोबरच होतं. ज्या दिवशी एलाद घरी येणार तो दिवस सूर्यास्तालाच सुरू झाला होता. पण जेलमध्ये अजून शुक्रवार होता, बराकीचं दार नुकतंच बंद झालं असेल, आणि विठूच्या माणसांकडे ही शेवटची रात्र होती. मोझेसनी पेला वर धरला. प्रार्थनेचे शब्द सगळे आठवले, एकही तुटला नाही, पण त्यांचं लक्ष घड्याळाकडे होतं. सकाळ व्हायला अकरा तास होते आणि त्यांनी ते मोजायला सुरुवात केली होती.